तिशी-चाळिशीत स्ट्रोक येऊन गेल्यावर बीपी कसं सांभाळायचं

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळताना हातात एक जाडजूड फाईल येते. त्यात एमआरआयच्या फिल्म असतात, बिलं असतात, फिजिओचे व्यायाम असतात आणि शेवटच्या पानावर गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ असते: ‘बीपी नियमित तपासणे’. ही ओळ पुढची तीस-चाळीस वर्षं पाळायची असते, पण कशी पाळायची ते कोणी बसून सांगत नाही. डॉक्टरांकडे बाहेर रांग असते आणि घरच्यांचं सगळं लक्ष हात कधी हलणार, बोलणं कधी सुधारणार याकडे लागलेलं असतं. हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. मी डॉक्टर नाही, धाकट्या भावाच्या स्ट्रोकनंतर त्याचं बीपी सांभाळता सांभाळता शिकलेली बहीण आहे. गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार. बाकीचं बरंचसं घरी करायचं असतं.

तरुण माणसाची खरी अडचण वेगळीच असते. सहा महिन्यांत चालायला लागतो, वर्षभरात कामावर जातो, आणि मग एक दिवस म्हणतो, ‘आता बरा आहे की मी, गोळी कशाला?’ वाढलेलं बीपी दुखत नाही, खुपत नाही. म्हणून ‘बरं वाटतंय’ हा पुरावा इथे चालत नाही. चालतो तो फक्त आकडा, तोही नीट मोजलेला आणि लिहून ठेवलेला.

आधी फाईल उघडा

पहिलं काम म्हणजे आपला स्ट्रोक कोणता होता ते माहीत करून घेणं. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती, की फुटून ब्लीडिंग झालं होतं? ‘पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला होता’ एवढ्यावर बरीच घरं थांबतात. तरुणांमध्ये कारणंही जरा निराळी असतात. मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर चिरतं, हृदयाच्या झडपा खराब असतात, रक्त गोठण्यात दोष असतो, बाळंतपणानंतर मेंदूतल्या शिरेत गुठळी होते. आणि कित्येकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी असतं, जे स्ट्रोकच्या दिवसापर्यंत कोणी मोजलेलंच नसतं. तिशीतल्या माणसाला बीपी असेल असं ना त्याला वाटतं, ना घरच्यांना.

मेंदूच्या आत खोलवर, बारीक रक्तवाहिन्यांत ब्लीडिंग झालं असेल तर बीपीवर संशय सगळ्यात आधी जातो, आणि अशा माणसाला आकडा सांभाळण्यावाचून गत्यंतर नसतं. पण गुठळीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोग्रेस’ या मोठ्या चाचणीत स्ट्रोक येऊन गेलेले ६,१०५ लोक होते. पेरिंडोप्रिल आणि गरजेप्रमाणे इंडापामाइड ही बीपीची औषधं देऊन त्यांचं बीपी खाली आणलं, तेव्हा पुन्हा स्ट्रोक येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. ज्यांना दोन्ही औषधं मिळाली, त्यांच्यात ते ४३ टक्क्यांनी घटलं. फायदा दोन्ही प्रकारच्या स्ट्रोकवाल्यांना झाला, आणि ज्यांचं बीपी मुळात ‘हाय’ म्हणावं इतकं नव्हतं त्यांनाही.

दुसरं काम म्हणजे डॉक्टरांना थेट विचारायचं: ‘माझं बीपी किती असायला हवं?’ बहुतेकांना १३०/८० च्या खाली, असं उत्तर मिळतं. पण मानेतली किंवा मेंदूतली मोठी धमनी अरुंद असेल, किडनीचा त्रास असेल, तर डॉक्टर वेगळा आकडा किंवा तिथे पोहोचायचा वेगळा वेग सांगतात. तो आकडा त्यांच्याच हाताने फाईलवर लिहून घ्या.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. गुठळीच्या स्ट्रोकनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर मुद्दाम बीपी फारसं उतरवत नाहीत, मेंदूच्या धोक्यात आलेल्या भागाला रक्त पोहोचावं म्हणून. वॉर्डात मॉनिटरवर वरचा आकडा १७० दिसत असतो आणि सिस्टर शांत असतात. ते पाहिलेले नातेवाईक घरी आल्यावर १६० ला ‘हॉस्पिटलमध्ये तर याहून जास्त होतं’ म्हणून सोडून देतात. ते दिवस वेगळे होते. घरी १६० म्हणजे जास्तच.

मशीन घ्या, पण मनगटाचं नको

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या. मनगटावरची मशीन दिसायला सुटसुटीत असतात, पण हात जरा वरखाली झाला की आकडा बदलतो. घड्याळात किंवा फोनमध्ये दिसणाऱ्या बीपीवर तर गोळी ठरवूच नये.

पैसे मशीनवर घातलेत तसं लक्ष पट्ट्यावर घाला. मशीनसोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जिमवाल्या किंवा जाड माणसाचा दंड त्याहून मोठा असतो, आणि लहान पट्टा आवळून बांधला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. शिंप्याची टेप घेऊन दंडाचा मधला घेर मोजा आणि तो आकडा सांगूनच मेडिकलमधून पट्टा मागा. मशीन घेतल्यावर एकदा ते डॉक्टरांकडे घेऊन जा आणि त्यांच्या मशीनशी ताडून पाहा.

कोणत्या हाताला, आणि कसं

स्ट्रोकमध्ये एक हात लुळा किंवा ताठर झाला असेल तर बीपी चांगल्या हातावर मोजायचं. कमजोर हाताचे स्नायू सैल किंवा ताठ असतात, त्यामुळे तिथला आकडा फसवा येतो. दोन्ही हात चांगले असतील तर पहिल्या वेळी दोन्हीकडे मोजा आणि ज्या हाताला जास्त येतं तोच हात कायम वापरा. दोन हातांत सतत दहा-पंधराचा फरक येत असेल तर डॉक्टरांना सांगा. त्याचं कारण पुढे येईल.

गंमत अशी, की चांगल्या हाताला पट्टा बांधायचा तर बांधणार तो कमजोर हात! घरात एकट्या असलेल्याची इथेच पंचाईत होते आणि मोजणं बंद पडतं. घरात कोणी असेल तर उपाय असा: पट्टा टेबलावर ठेवून कड्यातून ओवून आधीच बांगडीसारखा गोल करून ठेवायचा. मग चांगला हात त्यात सरकवायचा, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर आणायचा आणि मोकळं टोक घरातल्या कोणीतरी ओढून चिकटवायचं. आत दोन बोटं जेमतेम जातील इतपतच आवळायचा. कोणीच नसेल तर आधीपासून गोल वळलेले, कडक पट्टेही मिळतात. ते हातात बांगडीसारखे चढतात.

मोजायची रीत:

१. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी नाही, तंबाखू-सिगारेट नाही, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयानेही आकडा चढतो.

२. पाठ टेकता येईल अशा खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नको. कमजोर पाय घसरत असेल तर खाली पाट ठेवा.

३. हात टेबलावर, दंड छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या बाहीवरून नाही.

४. मोजताना बोलू नका. फोन दुसऱ्या खोलीत.

५. एक रीडिंग घ्या, मिनिटभर थांबा, दुसरं घ्या. दोन्ही लिहा.

ही पाच मिनिटं कंटाळवाणी आहेत, आणि सगळी गडबड इथेच होते. ऑफिसातून जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधला की १५५ येतं, घरभर घबराट होते, आणि अर्ध्या तासाने तेच १३२ असतं.

सकाळी मोजायचं ते गोळी आणि नाश्त्याच्या आधी, आणि संध्याकाळी किंवा झोपण्यापूर्वी. रोज उठून आयुष्यभर असं मोजायची गरज नाही. डॉक्टरकडे जाण्याआधीचा आठवडा आणि गोळी बदलल्यानंतर डॉक्टर सांगतील ते दिवस मनापासून मोजा. एरवी आठवड्यातून एक-दोनदा पुरे. काही माणसं दिवसात दहा वेळा मोजतात, आकड्याने घाबरतात आणि घाबरल्याने आकडा आणखी चढतो. अशांच्या घरी मशीन कपाटात ठेवावं आणि ठरल्या वेळीच काढावं.

वही

फोनमध्ये अ‍ॅप असतातच. तरी मी साध्या वहीच्या बाजूची आहे. डॉक्टरांच्या टेबलावर वही उघडून ठेवली की दहा सेकंदांत त्यांना महिन्याचा अंदाज येतो. फोन अनलॉक करून अ‍ॅप शोधेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलेलं असतं.

पान असं आखा: तारीख, सकाळची दोन रीडिंग, संध्याकाळची दोन, नाडीचे ठोके, आणि शेवटी एक रुंद रकाना ‘काय झालं’ यासाठी. एका दिवसाची ओळ अशी दिसेल: सकाळी १४४/९२, १३८/८८, संध्याकाळी १३६/८८, १३२/८४, काय झालं – रात्री झोप नाही, काल लग्नात जेवण. या चार रीडिंगची सरासरी येते साधारण १३८/८८. अशी सात दिवसांची पानं भरा, पहिला दिवस सोडून द्या आणि उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. तो तुमचा खरा आकडा. एकट्यादुकट्या १५० वर किंवा ११८ वर काहीच ठरवू नका. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला हाय बीपीच म्हणतात. स्ट्रोकवाल्याचं लक्ष्य मात्र त्याहून खाली असतं, हे ध्यानात ठेवा.

‘काय झालं’ हा रकाना भरायचा लोक कंटाळा करतात. पण भावाच्या वहीत तोच कामाला आला. नाईट शिफ्टच्या आठवड्यात आकडे दरवेळी चढलेले दिसत होते. डॉक्टरांनी गोळीची वेळ त्याच्या उठण्याच्या वेळेशी जुळवून दिली आणि कंपनीसाठी पत्रही दिलं.

मशीनवर ठोके अनियमित असल्याची खूण वारंवार दिसत असेल तर तेही लिहा आणि सांगा. हृदयाची लय बिघडणं हे स्वतःच स्ट्रोकचं एक कारण आहे, आणि त्या अवस्थेत डिजिटल मशीनचा आकडाही भरवशाचा नसतो.

गोळ्या

आपल्याकडे चिठ्ठीवर बहुतेक वेळा दिसणारी नावं म्हणजे अमलोडिपिन, टेल्मिसार्टन, रामिप्रिल, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड. एका गोळीने भागेलच असं नाही. दोन औषधं कमी मात्रेत देणं हा आजार वाढल्याचा पुरावा नसून उपचाराची नेहमीची रीत आहे. दोन्ही औषधं एकाच गोळीत असलेलं कॉम्बिनेशन मिळतं का ते विचारा. गोळ्या जितक्या कमी, तितक्या कमी चुकतात.

‘एवढ्या लहान वयात गोळी सुरू केली तर सवय लागेल’ हे वाक्य प्रत्येक घरात एक तरी काका म्हणतोच. गोळी बंद केल्यावर बीपी पुन्हा चढतं याला सवय म्हणत नाहीत. बीपी होतंच, गोळीने दाबून धरलं होतं. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी) किंवा क्लोनिडिन गटातली औषधं तर अचानक सोडली की बीपी उसळी मारतं. ही कधीही आपल्या मनाने तोडू नयेत.

सकाळी घ्यावी की रात्री? ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर झालेली ‘टाइम’ चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. हार्ट अ‍ॅटॅक, स्ट्रोक आणि त्यातून होणारे मृत्यू यांच्या प्रमाणात सकाळ-रात्रीने फरक पडला नाही. म्हणून डॉक्टरांनी खास वेळ सांगितली नसेल तर जी वेळ चुकणार नाही ती निवडा. दात घासण्याच्या ब्रशशेजारी सात कप्प्यांची डबी ठेवणं हा अलार्मपेक्षा पक्का उपाय आहे. अलार्म आपण झोपेतही बंद करतो. गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घेऊ नका.

उपवासाच्या दिवशी गोळी घ्यायचीच. गोळीने उपास मोडत नाही हे घरातल्या मोठ्यांकडूनच वदवून घेतलं की वाद संपतो.

त्रास झाला तर गोळी न सोडता डॉक्टरांना सांगायचं, कारण पर्याय असतात. अमलोडिपिनने घोट्याला सूज येऊ शकते. रामिप्रिल किंवा पेरिंडोप्रिलने कोरडा, चिवट खोकला येऊ शकतो, आणि माणूस महिनाभर कफ सिरप पीत बसतो. क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सोडियम किंवा पोटॅशियम घटू शकतं. अशक्तपणा, पायात गोळे, भ्रमिष्टपणा जाणवला तर लगेच रक्त तपासायचं. कडक उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलट्या सुरू असताना या गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. तेव्हा डॉक्टरांना फोन करून काय करायचं ते विचारा. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर बसून एकदा आणि उभं राहिल्यावर मिनिट-दोन मिनिटांनी एकदा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त खाली येत असेल तर तो वहीत लाल पेनाने लिहा आणि कळवा. कमजोर पायाचा माणूस चक्कर येऊन पडला की नुकसान मोठं होतं.

सोबत रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, अ‍ॅस्पिरिन असो की क्लोपिडोग्रेल की आणखी काही, तर बीपी आटोक्यात असणं दुप्पट गरजेचं. चढलेलं बीपी आणि पातळ रक्त ही जोडी ब्लीडिंगला आमंत्रण देते.

खर्चाचं म्हणाल तर बीपीच्या नेहमीच्या गोळ्या जन औषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळतात आणि सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी होता. ठरावीक औषधं आणि नियमित नोंद हीच त्याची पद्धत आहे. ब्रँड बदलला तरी आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच आहेत ना, एवढं पाकिटावर वाचा.

आता सर्पगंधेबद्दल, कारण कोणीतरी हमखास ती आणून देतं. सर्पगंधेत बीपी उतरवणारं खरंखुरं औषध आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. पण तेवढ्याचसाठी ती चालू गोळ्यांवर आपल्या मनाने घेणं धोक्याचं. बीपी नको तितकं उतरू शकतं, आणि तिच्यातल्या रेसरपिनने मन उदास होऊ शकतं. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतंच. त्यात ही भर कशाला?

मूळ कारण शोधा असं म्हणा

साठीतल्या माणसाचं बीपी बहुधा कोणत्याही एका कारणाशिवाय वाढलेलं असतं. चाळिशीच्या आत मात्र मागे काहीतरी दडलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि ते सापडलं तर उपचारच बदलतो. ‘डॉक्टर, एवढ्या कमी वयात बीपी का, याच्या तपासण्या झाल्यात का?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

किडनीचे आजार, किडनीला रक्त नेणारी धमनी अरुंद होणं, किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे हार्मोन जास्त स्रवणं, थायरॉइड, महाधमनी जन्मापासून एका जागी अरुंद असणं, ही नेहमीची कारणं. तरुण मुलींमध्ये टाकायासू नावाचा मोठ्या धमन्यांना सूज आणणारा आजार आपल्याकडे दिसतो. त्यात एका हाताची नाडी मंद लागते आणि दोन हातांच्या बीपीत मोठा फरक येतो. दोन्ही हातांवर मोजायचं म्हटलं ते यासाठी. डोकेदुखी, दरदरून घाम आणि धडधड असे झटके येत असतील तर तेही सांगा. तपास साध्या गोष्टींपासून सुरू होतो: क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी), सोडियम-पोटॅशियम, लघवीची तपासणी, किडनीची सोनोग्राफी. पुढचं डॉक्टर ठरवतात.

आणि घोरणं. जाडजूड तरुण रात्री जोरात घोरतो, मध्येच श्वास थांबतो, दचकून पुन्हा सुरू होतो, दिवसा गाडीत बसल्या बसल्या डुलक्या घेतो. घरात हे विनोदाचा विषय असतं. ही झोपेत श्वास अडकण्याची व्याधी असू शकते. ती बीपी वाढवते आणि स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांत सापडते. याची माहिती पेशंटकडे नसते, बायकोकडे असते. म्हणून डॉक्टरकडे जाताना तिने सोबत जावं.

मीठ मोजायची घरगुती रीत

जागतिक आरोग्य संघटना सांगते दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळं धरून जेमतेम एक चहाचा चमचा. आपण किती खातो? मिठाच्या पुडीवर ती फोडल्याची तारीख लिहा. चार माणसांच्या घरात एक किलोची पुडी महिन्यात संपत असेल तर हिशोब येतो माणशी रोज सव्वाआठ ग्रॅम. थोडं पाण्याबरोबर वाया जातं हे धरलं तरी, बाहेरचा वडापाव, फरसाण, खारी आणि बिस्किटं यात धरलेलीच नाहीत. चौघांची पुडी दोन महिन्यांच्या आसपास टिकायला लागली म्हणजे गाडी रुळावर आली.

पान वाढताना कोपऱ्यात मीठ वाढायची आपली पद्धत स्ट्रोकवाल्याच्या पानापुरती तरी थांबवा. पापडात मीठ असतंच, वर पापडखारही सोडियमचाच. लोणचं, सांडगी मिरची, कोकणातले सुके बोंबील आणि खारा बांगडा, हॉटेलातली ग्रेव्ही, नूडल्सच्या पुडीतला मसाला, ही खरी कोठारं. पोळीच्या कणकेत आणि भातात मीठ घालणं बंद केलं तर आठवड्याभरात कोणाच्या लक्षातही येत नाही. चव लिंबू, कोकम, लसूण, जिरं-मिरी भागवतात. सैंधव मात्र फसवं आहे. उपासाचं असलं तरी ते मीठच, सोडियम जवळपास तेवढंच.

पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ बाजारात मिळतं. उत्तर चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर त्याचा प्रयोग झाला. त्यातल्या बहुतेकांना आधी स्ट्रोक येऊन गेलेला होता. २०२१ साली निष्कर्ष आले: साध्या मिठाच्या तुलनेत स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी. पण किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नका.

जे कोणी बीपीशी जोडत नाही

अंगदुखीसाठी काउंटरवरून घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन. सर्दीच्या गोळीतलं फिनिलेफ्रिन. खांदा दुखतो म्हणून घेतलेलं स्टेरॉइड. जिममधली व्यायामाआधीची पावडर, एनर्जी ड्रिंक. आणि घसा बसला म्हणून रोज चघळलेलं ज्येष्ठमध, जे बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. यातलं काहीही घेण्याआधी विचारा. मेडिकलवाल्याला आधीच सांगून ठेवा की मला स्ट्रोक येऊन गेलाय.

तंबाखू बंद म्हणजे बंद. विडी-सिगारेट तर आहेच, पण चुना लावून मळलेली, गुटखा आणि बायकांची मिश्रीसुद्धा. मिश्रीला व्यसन कोणी म्हणत नाही, म्हणून ती शेवटपर्यंत राहते. दारूने बीपी चढतं आणि ब्लीडिंगचा धोका वाढतो. ‘थोडी चालेल का’ याचं मला मिळालेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर ‘नकोच’ असं होतं.

व्यायाम चालण्यापासून सुरू करा. आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत हळूहळू पोहोचायचं. फिजिओला विचारल्याशिवाय जड वजनं श्वास रोखून उचलू नका. शीर्षासन आणि जोरकस कपालभाती यांचाही नाद डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बायकांसाठी

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या स्ट्रोकनंतर घ्यायच्या नसतात. त्या बीपीही वाढवतात आणि गुठळीचा धोकाही. दुसरे उपाय आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. गणपती, पूजा, लग्नकार्य आलं की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, अनेकदा मैत्रिणीच्या सांगण्यावरून. त्याही हार्मोनच्याच गोळ्या आहेत. तुमच्यासाठी त्या विचारल्याशिवाय वर्ज्य.

मूल हवं असेल तर दिवस राहण्याच्या आधी न्यूरोच्या डॉक्टरांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दोघांनाही सांगा. टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल गटातली औषधं गरोदरपणात बाळाला घातक आहेत, त्याऐवजी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथिलडोपा अशी औषधं देतात. ही अदलाबदल आधी ठरवून करायची. आधीच्या बाळंतपणात बीपी वाढलं असेल तर तेही सांगायला विसरू नका.

जे विचारलं जात नाही

तरुण पुरुष गोळी गुपचूप बंद करतात त्याचं एक कारण बेडरूममध्ये असतं. काही बीपीच्या औषधांनी, खास करून बीटा ब्लॉकर आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी, ताठरता कमी होऊ शकते. नैराश्य आणि स्ट्रोकची भीती यांनीही होते. डॉक्टरांना सरळ सांगा, औषध बदलता येतं. बीपी आटोक्यात असेल तर शरीरसंबंधांना साधारणपणे बंदी नसते, पण आपल्यापुरतं विचारून घ्या. मात्र ताकदीच्या नावाने मिळणाऱ्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट चालू असेल तर त्या जिवावर बेततात.

लग्न ठरायचं असेल तर घरचे गोळ्या लपवायला सांगतात. मुलगी पाहायला जाताना डबी घरी राहते, मग साखरपुड्याला, मग मधुचंद्राला. स्ट्रोक लपवून जमलेल्या लग्नात गोळी रोज चुकते. माझं मत विचाराल तर समोरच्या घरी सांगून टाकावं.

आकडा फार चढला तर

१८०/१२० किंवा त्याहून जास्त आलं, पण एरवी काहीच त्रास नाही: पाच मिनिटं शांत बसा, पुन्हा मोजा. तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जिभेखाली निफेडिपिन फोडून घालायची जुनी युक्ती करू नका. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो.

आकडा काहीही असो, पण तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय गळाला, बोलणं अडखळलं, एकाएकी दिसेनासं झालं, तोल गेला किंवा आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी उठली, तर १०८ लावा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ही वेळ तिथून मोजतात. खायला-प्यायला काही देऊ नका, ठसका लागतो. अ‍ॅस्पिरिनही देऊ नका, कारण ब्लीडिंग आहे की गुठळी हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. सीटी स्कॅन असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच शोधून फ्रिजवर चिकटवा. चोळणाऱ्याकडे किंवा गावठी औषधवाल्याकडे नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

डॉक्टरांकडे जाताना

सोबत न्यायचं: वही, रिकामी पाकिटं (नुसती नावं सांगू नका), डिस्चार्ज कार्ड, आणि एका कागदावर तीन प्रश्न. तीनच, जास्त लिहिले की महत्त्वाचा राहून जातो. घरचे आकडे चांगले आणि दवाखान्यात चढलेले, किंवा उलट, असं सतत होत असेल तर चोवीस तास दंडावर पट्टा ठेवून मोजायची तपासणी करता येते. रात्रीचं बीपीही त्यात कळतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा क्लोरथॅलिडोन नव्याने सुरू झालं किंवा मात्रा वाढली, तर काही आठवड्यांत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासायचं असतं. चिठ्ठीवर ते लिहिलेलं नसेल तर निघण्याआधी तारीख विचारून घ्या.